पाण्याकाठी एक रात्र

सहलीच्या परवानगीच्या चिठ्ठ्या मी दरवर्षी गोळा करते. किल्ला असेल, संग्रहालय असेल तर बहुतेक पालक सही करतात. मागच्या वर्षी मी चिठ्ठीत 'पवना धरणाच्या काठी एक मुक्काम' असं लिहिलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलींच्या चिठ्ठ्या कोऱ्या परत आल्या. एका मुलीची अम्मी तर शाळेत येऊन म्हणाली, "टीचर, किल्ला दिखाओ, बाग दिखाओ, लेकिन पानी के पास नको ले जाओ."

तिला मी काय उत्तर देणार? ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका मुस्लिम कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेला. त्यानंतर आपल्या घरांत पाणी म्हटलं की तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. सहल रद्द झाली, आणि मी त्या आईला दोष दिला नाही.

पण मनात प्रश्न राहिलाच. मुलींना पाण्यापासून दूर ठेवल्यानं त्या सुरक्षित होतात का? माझं मत आहे, होत नाहीत. भिंतीआड वाढलेली मुलगीही कधीतरी लग्नानंतर, मैत्रिणींसोबत किंवा स्वतःच्या मुलांना घेऊन पाण्याकाठी जातेच. फक्त ती काहीच न शिकता जाते.

म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही घरचेच गेलो. मी, मिस्टर, आमच्या दोन मुली आणि माझी सासू. वाघोलीहून अडीच-तीन तास लागले. तुंग आणि तिकोना किल्ल्यांच्या मधोमध पसरलेलं ते पाणी बघून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. काठावर तंबूंच्या रांगा होत्या. आम्ही दारू आणि मोठ्या आवाजातली गाणी नसलेली जागा आधीच फोन करून ठरवली होती. अशा जागा आहेत, विचारावं लागतं. मगरिबची नमाज आम्ही गवतावर चादर अंथरून पढलो. समोर डोंगरामागं सूर्य गेला होता, त्यामुळं किबल्याची दिशा कुणाला विचारावी लागली नाही. जागेचा मालक, तिथलाच एक शेतकरी, एवढंच म्हणाला, "जरा अलीकडं बसा, सकाळी तिकडनं गुरं जातात."

रात्री शेकोटीजवळ त्यानं पाण्याकडं बोट करून सांगितलं, "आमच्या आज्याचं शेत त्या तिथं हाय, खाली." आपण ज्याला तलाव म्हणतो, ती पन्नास वर्षांपूर्वी बुडालेली गावं आहेत. साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी साठवणारं हे धरण पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले अनेक जण पुनर्वसनासाठी पिढ्यानपिढ्या झगडत राहिले. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर मावळात द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला. तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई होती. त्याही आधी १९२१ मध्ये शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. धरण तरीही झालंच. आज त्याच काठावर लोक शनिवार-रविवार घालवायला जातात.

पाणी उतरलं की पवनेत वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं. आमच्या वाघोलीतही वाघेश्वराचं मंदिर आहे. माझ्या धाकटीनं विचारलं, "मग आपला वाघेश्वर पाण्याखाली का नाही गेला?" मी म्हटलं, "कारण आपल्या गावाला पाणी द्यायला दुसऱ्यांची गावं बुडाली." २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली, तरी आमच्याकडं टँकरची वाट बघणं संपलेलं नाही. नगर रस्त्यावरच्या वडगाव शेरी भागाला भामा आसखेड धरणाचं पाणी येतं, आणि त्या धरणग्रस्तांनीही आपल्या हक्कासाठी काम अडवून धरलं होतं. हे सगळं मुलांना पुस्तकातून शिकवता येतं, पण काठावर एक रात्र काढली की ते पोचतं.

आता आपल्या लोकांच्या हरकतींबद्दल बोलते.

पहिली हरकत, हे आपल्या तहजीबीत बसत नाही. मला उलट वाटतं. जमिनीवर फिरून निर्मिती आणि आधीच्या लोकांचा शेवट बघण्याचा उपदेश कुरआनात एकापेक्षा जास्त ठिकाणी आला आहे. इब्न बतूता १३२५ मध्ये तंजाहून निघाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी हदीस आहे. वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग सांगितला आहे. काठावर फुटलेल्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या प्लेटा टाकून येणाऱ्यांत आपणही असू, तर चूक फिरण्याची नाही, आपली आहे.

दुसरी हरकत बायकांची, आणि ती शंभर टक्के खरी आहे: संडास. पुरुष रात्रभर तळ्याकाठी राहू शकतात, बाईला बंद दार आणि पाणी लागतं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पलंग, स्वयंपाकाची सोय आणि संडास असलेली गाडी घ्यायची आणि ठरलेल्या पार्कात लावायची. कल्पना चांगली आहे, पण ते भाडं माझ्यासारख्या मास्तरणीच्या बजेटात बसत नाही. मला गाडी नको. काठावर रात्री दिवा असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छ संडास हवेत. पर्यटनाचा कर घेणाऱ्यांनी आणि जागा भाड्यानं देणाऱ्यांनी आधी तेवढं करावं, बायका आपोआप येतील.

तिसरी हरकत खर्चाची. तिच्यासमोर मात्र मी नेहमीच अडखळते. वाघोलीच्या दगडखाणींवर राबणाऱ्या मजुरांच्या वस्तीतला एक मुलगा सुट्टीत माझ्याकडं मराठी शिकायला यायचा. तंबूचे फोटो बघून तो म्हणाला, "मॅडम, असल्या कापडात राहायला पैसे देतात?" तो जन्मापासून ताडपत्रीखाली राहिलेला. त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढंच ठरवलं की सहल झाली तर तिची वर्गणी देऊ शकणाऱ्यांनी न देऊ शकणाऱ्यांची भरायची, आणि तंबूत राहणं म्हणजे काय हे त्या मुलासारख्यांकडून ऐकायचं.

राहिली सुरक्षितता. ती मना करून येत नाही, शिकवून येते. डोंगरात वर पाऊस झाला की धबधबा काही मिनिटांत फुगतो, म्हणून पावसाळ्यात प्रवाहाच्या मधोमध उभं राहायचंच नाही. धरणाच्या तळाशी जुने बांध, विहिरी आणि गाळ असतो. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम खोलात जाऊ शकतं. म्हणून काठ उथळ दिसला तरी उतरायचं नाही, होडीत लाइफ जॅकेटशिवाय बसायचं नाही. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरी, झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा गाठ मारलेल्या ओढण्या फेकायच्या आणि मदतीला हाका मारायच्या. थंडी वाजली तरी पेटती शेगडी तंबूत घ्यायची नाही, तिचा धूर दिसत नसला तरी वायू झोपेत जीव घेतो. या पाच-सहा गोष्टी आपल्या किती घरांत बोलल्या जातात? मोहल्ल्यात इज्तिमा होतात, शिवणाचे वर्ग होतात. मग मुलींसाठी, बाई शिक्षिका असलेला पोहण्याचा वर्ग का होऊ नये? अंगभर कपड्यात पोहायला शिकता येतं. प्रश्न फक्त पुढाकाराचा आहे.

त्या रात्री माझी सासू, वय सत्तर, तंबूबाहेर खुर्ची टाकून फजरपर्यंत तारे बघत बसली होती. लग्नानंतर उघड्यावर घालवलेली ही पहिलीच रात्र, असं ती म्हणाली. मला तिचा आनंद दिसला आणि थोडी शरमही वाटली. पन्नास वर्षं कुणी तिला विचारलंच नव्हतं.

यंदाच्या चिठ्ठीवर मी दोन ओळी वाढवल्या आहेत. मुलीला पोहता येतं का? आणि मुलीसोबत आई येणार का? पहिल्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर 'नाही' आहे. दुसऱ्याला काहींनी 'हो' लिहिलंय. "पानी के पास नको" म्हणणाऱ्या त्या अम्मीची चिठ्ठी अजून आलेली नाही. मी तिची वाट बघतेय.