जड चापाचं स्वस्त पिस्तूल

अमेरिकेत तीनशे-साडेतीनशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या स्मिथ अँड वेसनच्या ‘एसडी९ व्हीई’ पिस्तुलाबद्दल दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचं सहसा एकमत असतं : पैसे वसूल, पण चाप फार जड. त्यावरचा सल्लाही ठरलेला. थोडे डॉलर टाकून आतल्या स्प्रिंगा बदला, चाप लोण्यासारखा चालेल. कमी पैशांत वस्तू सुधारण्याच्या युक्त्यांना या सदराचा एरवी पाठिंबा असतो. या एका युक्तीला मात्र माझा विरोध आहे.

आधी हे पिस्तूल स्वस्त कसं झालं ते पाहू. पॉलिमरचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा सांगाडा असलेलं पिस्तूल जर्मनीच्या हेकलर अँड कॉखनं १९७० मध्येच काढलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. बाजार फिरवला तो ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांनी. पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी चाकू बनवणाऱ्या या गृहस्थांनी तोवर एकही पिस्तूल बनवलं नव्हतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करानं त्यांचं ‘ग्लॉक १७’ स्वीकारलं. पोलादी सांगाडा यंत्रावर टप्प्याटप्प्यानं कोरून काढावा लागतो, पॉलिमरचा साच्यातून निघतो. पेणच्या गणपतींचं जे गणित तेच इथं : साचा महाग, मूर्ती स्वस्त. नळी आणि तिच्यावरची सरकती स्लाइड पोलादीच राहिल्या, त्यामुळे ‘प्लास्टिकची बंदूक विमानतळावर पकडता येणार नाही’ ही ऐंशीच्या दशकातली ओरड पोकळ होती.

अमेरिकी पोलीस रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलांकडे वळले आणि १८५२ पासूनच्या स्मिथ अँड वेसनचं हक्काचं गिऱ्हाईक ग्लॉकनं पळवलं. कंपनीनं १९९४ मध्ये ‘सिग्मा’ हे पॉलिमरचं पिस्तूल आणलं. ते ग्लॉकशी इतकं मिळतंजुळतं होतं की ग्लॉकनं पेटंटचा दावाच ठोकला. १९९७ मध्ये तडजोड झाली. स्मिथ अँड वेसननं पैसे मोजले आणि चापाची यंत्रणा बदलण्याचं कबूल केलं. सिग्माची नाचक्की झाली ती मुख्यतः चापावरून. २०१२ मध्ये त्याची जागा एसडी९ व्हीईनं घेतली आणि आता त्याचीही २.० आवृत्ती आली आहे. चाप पूर्वीपेक्षा सुधारला, तरी ‘जड’ हा शिक्का काही पुसला गेला नाही.

एसडी९ व्हीईचा चाप दोन तुकड्यांचा असतो, मध्ये बिजागरी. बोटाच्या पेरानं खालचा तुकडा दाबला गेला तरच चाप मागे सरकतो. मग लांब ओढ, मध्ये किंचित खरखर आणि साधारण साडेतीन किलोचा जोर पडला की सुटतो. ग्लॉकला अडीच किलोच्या आसपास जोर पुरतो. आता अंगठ्याशी सेफ्टीचा खटका शोधून पाहा. तो नाहीच. पिस्तूल हातातून पडलं तर उडू नये याची सोय आत केलेली आहे, पण बोट चापावर गेल्यावर आड येणारी गोष्ट एकच : हा जडपणा.

हा जडपणा म्हणजे निव्वळ कंजूषपणा नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यात विक्रीच्या पिस्तुलांसाठी नियम आहे, की सर्वसाधारण पाच वर्षांच्या मुलाला ते उडवता येऊ नये. त्यासाठी नियमातच सुचवलेला एक मार्ग म्हणजे किमान दहा पौंडांचा, सुमारे साडेचार किलोंचा चाप. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर ग्लॉककडून मुद्दाम जड चाप बनवून घेतला. त्यानं नेम ढळतो, ही टीकाही तिथं झाली आणि ती खरी आहे. पण ढळलेला नेम सरावानं सुधारतो. चुकून सुटलेली गोळी परत येत नाही. शिवाय स्प्रिंगा हलक्या केल्या की पिनेचा ठोका कमी पडून काडतूस न उडण्याची शक्यता वाढते. जुनं पिस्तूल घेताना चाप संशयास्पद हलका लागला, तर आत कुणीतरी हात घातला आहे असं समजा.

दुकानात आणखी एक गोष्ट विचारून घ्या. साफसफाईसाठी हे पिस्तूल उघडायचं तर आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणारे इथं फसतात, कारण एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते. स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी पाहायचं, बोटानं चाचपायचं आणि मगच चाप. ही सवय अंगवळणी पडणार नसेल, तर दुसरं मॉडेल बघा.

कायद्याचंही पाहा. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. आपल्याकडच्या एच-१बीवाल्या मंडळींना काही मोजके अपवाद सोडले तर पिस्तूल घेता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना येतं, पण राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात या पिस्तुलाचा ९ मिमी बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्धच.

अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे घरात आलेल्या पिस्तुलाचा धोका चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त. म्हणून खरेदीचा क्रम उलटा लावा : आधी कुलपाची भक्कम पेटी, मग प्रशिक्षण आणि सरावाच्या गोळ्या, शेवटी पिस्तूल. ग्लॉकऐवजी एसडी९ घेऊन वाचलेले पैसे पहिल्या दोन गोष्टींवर जाणार असतील, तर हा सौदा चांगला. ते स्प्रिंगांवर जाणार असतील किंवा पेटीपुरते उरणारच नसतील, तर हे पिस्तूल तुम्हाला परवडत नाही, त्याची किंमत कितीही असो.