मान आणि इमान

चळवळीत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या आम्हा बायकांचे आगीशी नाते कसले, हे या अंकाच्या वाचक मैत्रिणींना वेगळे सांगायला नको. भाजलेल्या बाईचा कक्ष, पांढऱ्या मलमाचा वास, मृत्यूपूर्व जबाब घ्यायला येणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची वाट बघणे आणि पंचनाम्यात ठरून गेलेले ते वाक्य : ‘स्टोव्हचा भडका उडून’. १९८३ साली कायद्यात ४९८-अ आले, १९८६ साली हुंडाबळीचे कलम आले. पण त्या कलमांना पुरावा लागतो, आणि घरातल्या आगीचा साक्षीदार सहसा घरातलाच असतो. तो बोलत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एकदा असा साक्षीदार बोलला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या अंत्ययात्रेला मी गेले. तिथून परत आल्यापासून काही गोष्टी मनात घोळत आहेत. त्या मांडायला हा लेख.

तो नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात फायरमन होता. गावातले लोक त्यांना ‘बंबवाले’ म्हणतात. २५-२६ वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एका सुनेला जळालेल्या अवस्थेत बाहेर काढले गेले. वर्दी मिळाल्यावर बंब पोहोचला तेव्हा हा विशी-पंचविशीतला पोरगा सगळ्यांत आधी घरात शिरला. सासरच्यांनी स्टोव्हचा भडका सांगितला. शेजारच्या चार घरांनी आधी आमच्याजवळ वेगळे सांगितले आणि कोर्टात शब्द फिरवला. हा मात्र पिंजऱ्यात उभा राहिला आणि सरळ म्हणाला, “स्टोव्ह जागेवर होता. टाकी शाबूत होती. दाराची कडी बाहेरून होती, ती मी काढली.” तीनच वाक्ये. उलटतपासणीत वकिलाने त्याला दोन तास फिरवले, तो तीन वाक्यांवरून हलला नाही. बाहेर आल्यावर मी त्याचे आभार मानायला गेले, तर तो संकोचला. “ताई, जे दिसलं ते सांगितलं,” एवढेच म्हणाला आणि सायकल काढून कामावर गेला.

पुढे रस्त्यात भेटला की हात करायचा. त्याचे लग्न झाले, दोन मुली झाल्या. आमच्या आठ मार्चच्या कार्यक्रमाला तो कधी आला नाही आणि आम्हीही त्याला कधी बोलावले नाही. हे आज लिहिताना टोचते.

गेल्या मे महिन्यात गावाबाहेरच्या एका जिनिंगला आग लागली. कापसाच्या गाठींची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. गाठी फोडून एकेक भिजवावी लागते. वर पाणी पिऊन गाठी फुगतात आणि गोदामाच्या भिंतीला बाहेर ढकलतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तशीच एक भिंत कोसळली. त्याच्या मागे होजवर उभा असलेला तरुण बाजूला फेकला गेला आणि वाचला. हा वाचला नाही.

मी घरी पोहोचले तेव्हा अंगणात माणसे मावत नव्हती. एक पुढारी माईकवर बोलत होते. ‘वीर’, ‘हुतात्मा’, ‘वीरपत्नी’ असे शब्द येत होते. त्याच वेळी आतल्या खोलीत त्या वीरपत्नीच्या भोवती पाच-सात बायका बसल्या होत्या. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या, दुसरी तिचा हात धरून बांगड्या फोडायच्या तयारीत. मैत्रिणींनो, बाहेर नवऱ्याला मान दिला जात होता आणि आत त्याच मानाच्या नावाने बायकोचा काढून घेतला जात होता. मध्ये फक्त एक पडदा होता.

मी बोलायला तोंड उघडले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले, हे सगळे माझ्या जिभेवर तयार होते. शिबिरांत मी ते किती वेळा सांगितले आहे! पण त्या खोलीत मी परकी होते. माझे शब्द त्या बायकांना भाषण वाटले असते, आणि भाषण तर बाहेर चालूच होते.

बोलली ती त्याची आई. पंचाहत्तरी ओलांडलेली, भिंतीला टेकून बसलेली. “मायं कुंकू पुसलं तवा मले कोनी इचारलं नाही,” ती म्हणाली. “हा दोन वर्साचा होता. पांढऱ्या कपायानं मी याले मोठं केलं. हिले कोनी हात लावाचा नाही.” आवाज चढला नव्हता. तांब्या धरलेली बाई खाली बसली. एकीने कुरकुर केली, “पण आजी, त्याच्या जीवाले शांती...” म्हातारी म्हणाली, “तो जाळातून लोकायच्या बाया काढे. त्याच्या बायकोची बांगडी फुटून त्याले शांती भेटन का?”

मग तिने माझ्याकडे पाहून सांगितले, “बाई, तुळशीचं पान आन. गंगेची बाटली देव्हाऱ्यात हाय.” मी देव्हाऱ्यासमोर गेल्याला कित्येक वर्षे झाली होती. निरीश्वरवादी म्हणून मी गावात ओळखली जाते आणि त्यात मला कधी संकोच वाटलेला नाही. मी पान आणले, बाटली आणली. म्हातारीचा हात थरथरत होता म्हणून वाटी मी धरली. त्या मायलेकराच्या मध्ये माझ्या मतांना काही काम नव्हते.

अंत्ययात्रा बंबावरूनच निघाली. झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नात्यातल्या एका काकांनी दारातच सांगितले की बायका मसणात येत नाहीत, अग्नी पुतण्या देईल. कोणी वाद घातला नाही. दलातल्या एका जवानाने बंबाच्या केबिनचे दार उघडले आणि म्हणाला, “वहिनी, वर या.” दोन्ही मुलींनाही त्याने हात देऊन वर घेतले. कपाळावर कुंकू आणि हातात बांगड्या असलेली ती बाई बंबात पुढे बसून नवऱ्याबरोबर स्मशानापर्यंत गेली. तिच्या मागे चालत आम्ही सगळ्या गेलो. मघाशी तांब्या धरून बसलेली बाईसुद्धा आली.

जवानांनी रांगेत उभे राहून सलामी दिली. त्याचे हेल्मेट पत्नीच्या हातात दिले. थोरल्या मुलीने अग्नी दिला. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत वारसाचा वाद निघाला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले होते, हे आपण सगळ्या जाणतो. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी मुलीने अग्नी देताना गर्दीतून कुजबुज उठलीच. पण ती वाढली नाही, कारण खाकी कपड्यांतली पंधरा-वीस माणसे तिच्या मागे उभी होती.

त्या वेळी भिंतीखालून वाचलेला तो तरुण माझ्या शेजारी होता. तो कंत्राटी कामगार. रडत रडत सांगत होता, “ताई, ब्रँच धरणाऱ्याला मागे बघता येत नाही. मागचा आहे, हे त्यानं धरून चालायचं असतं. दादा कधी मागे बघायचे नाहीत.”

त्या वाक्यापाशी माझे मन अडले. श्रद्धेबद्दल आम्ही कार्यकर्त्यांनी पुष्कळ बोलून झाले आहे. अंधश्रद्धेबद्दल तर जास्तच, आणि त्यातला शब्दही मी मागे घेत नाही. तांब्या आणि बांगड्या ही अंधश्रद्धाच होती. पण पाठीमागे न बघता आगीत उभे राहणे, हीसुद्धा श्रद्धाच आहे. म्हाताऱ्या आईचे तुळशीचे पान आणि सुनेचे राखलेले कुंकू एकाच श्रद्धेतून आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे : इमान. त्यात विश्वासही येतो आणि अब्रूही येते. कडी बाहेरून होती असे कोर्टात सांगणारा माणूस आणि धुरात मागे न बघणारा माणूस एकच होता, आणि दोन्हीकडे त्याच्याजवळ होते ते इमानच. श्रद्धा हा शब्द आपण भटजींना आणि पुढाऱ्यांना देऊन टाकला, ही आपली चूक झाली असे मला वाटते.

मात्र इमानाच्या नावाने गहिवरून घरी जाणे सोपे आहे, आणि तिथेच सरकारला व पालिकांना सुटका मिळते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवत असतानाच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात रहिवाशांना बाहेर काढल्यानंतर इमारत कोसळली. त्या आगीत संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे चार अधिकारी आपण गमावले. दरवर्षी पुष्पचक्रे वाहिली जातात, ती वाहायलाच हवीत. पण आमच्या गावच्या दलात त्या पहाटे धड अवस्थेतला फायर सूट एक होता आणि माणसे सहा होती. कंत्राटी पोराच्या पायात स्वतःचे बूट होते. फुलांच्या माळांना पैसे निघाले. बुटांना निघाले नव्हते.

आणि घरातला मान? तेराव्याच्या आतच मदतीचा धनादेश कोणाच्या खात्यात जमा व्हावा यावर बैठक बसली. दिराचे म्हणणे, वहिनीला व्यवहार कळत नाही. या वेळी मात्र आम्ही वेळेवर पोहोचलो. बँकेत तिचे स्वतःचे खाते उघडले, अर्जावर तिची सही झाली. अनुकंपेच्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा थोरली म्हणाली, “मी अर्ज करणार. फायरमनचाच.” सगळे हसले. नगरपरिषदेतल्या बाबूनेही कारकुनीची जागा सुचवली, “पोरीच्या जातीला बरं पडेल.” मी तिला नागपूरच्या हर्षिनी कान्हेकरांबद्दल सांगितले. २००२ साली तिथल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आज मुंबईच्या दलातही स्त्रिया अग्निशामक आहेत. मुलीला हे माझ्या आधीच माहीत होते. बापाने सांगितले होते. अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. आम्ही दर आठवड्याला विचारायला जातो.

हा लेख लिहिण्यामागे दोन-तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली : मरणाच्या घरी आपण लवकर पोहोचले पाहिजे. आपण पोलीस ठाण्यात पोहोचतो, कोर्टात पोहोचतो, पण ज्या तासाभरात बाईच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लागतो, त्या तासाला आपण ‘हा घरचा मामला’ म्हणून बाहेर थांबतो. तिथे भाषण करायला जाऊ नये. वाटी धरायला जावे, आणि त्या घरातली जी म्हातारी बोलू पाहते आहे, तिच्या शेजारी बसावे. हेरवाडचा ठराव भिंतीवर लावून भागत नाही. त्या दिवशी तो कोणाला तरी आठवावा लागतो.

दुसरी : अग्निशमन दलाच्या, सफाईच्या, वीज मंडळाच्या कामगारांचे जोखमीचे प्रश्न हे त्यांच्या युनियनचे आणि म्हणून पुरुषांचे, असे आपण समजत आलो. बूट नाहीत म्हणून मेलेल्या माणसाच्या मागे बाईच उरते. आपल्या गावच्या दलात किती सूट आहेत, किती माणसे कंत्राटी आहेत, त्यांचा विमा आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आमच्या गटाने विचारले आहे. तुम्हीही विचारा.

तिसरी गोष्ट थोडी आपल्यापुरती आहे. ज्या माणसाने आमच्यासाठी खरे सांगितले, त्याला आम्ही २५ वर्षांत एकदाही घरी चहाला बोलावले नाही. आपल्या लढ्यांत असे किती साक्षीदार, किती परिचारिका, किती हवालदार, किती रिक्षावाले असतील! ते आपल्या बैठकांत येत नाहीत, आपली भाषा बोलत नाहीत. त्यांना शोधून काढावे, हयात आहेत तोवर.

त्या घरी मी परवा जाऊन आले. हेल्मेट देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगले आहे. म्हातारी रोज देवांबरोबर त्यालाही फूल वाहते. मी काही बोलले नाही. निघताना तिने मला कुंकू लावले. मग सुनेला हाक मारली आणि तिच्याकडून स्वतःच्या कपाळाला लावून घेतले.