चिठ्ठीसकट पक्षी पाहा

मुंबईच्या सहलीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. त्यात निसर्गविज्ञानाचं दालन म्हणजे नुसतं येण्याजाण्याची वाट. 'मेलेली जनावरं काय पाहायची' म्हणत रांग पुढे हाकली जाते. आपल्या वऱ्हाडातल्या एका शाळेसोबत गेलो तेव्हाही तसंच झालं. काचेआडच्या नीलकंठापाशी पाचवीतला एक पोरगा थबकला. "सर, हा त आमच्या वावरात बी येते!" त्याच्याशी दोन शब्द बोलायलाही कोणी थांबलं नाही. मला हे फार लागलं.

संग्रहालयातले पक्षी शोभेसाठी नसतात. जपलेल्या नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते: कुठे मिळाला, केव्हा, कोणाला. खरी किंमत त्या चिठ्ठीची. रानपिंगळ्याचंच घ्या. पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये नोंदवलेलं हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला मिळालंच नाही. जगभरच्या संग्रहांत मिळून सात नमुने, बस्स. त्यातलाही एक चोरीचा. पक्षीसंग्राहक कर्नल मायनर्ट्झहागेन यांनी लंडनच्या संग्रहातला जुना पक्षी पळवला, नव्याने भरला आणि त्याला १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची खोटी चिठ्ठी लावली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. मग त्यांनी व सहकाऱ्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर दिवसा रानपिंगळा समोर बसलेला दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला.

अकोटच्या वरच्या सातपुड्यात राहणाऱ्या पाखराचा पत्ता असा दूरदेशीच्या कपाटांतून लागला. पोरांना हे कोणी सांगायचं? मुंबईच्या याच दालनासाठी १९२६ मध्ये माहिती सांगणारा माणूस नेमला होता, महिना साडेतीनशे रुपयांवर. तो तरुण म्हणजे सालीम अली. एवढ्या तोलाचं काम आपण आज सहलीच्या शिट्टीवर सोडून दिलंय.

येत्या हिवाळ्यात आपल्याकडच्या शाळांनी संग्रहालयाला आधी पत्र लिहावं, मराठीत समजावणारं माणूस मागावं. दालनाला सकाळचे दोन तास द्यावेत. प्रत्येक पोराने एकच प्राणी निवडून त्याची पाटी वहीत उतरवावी आणि तो वऱ्हाडात दिसतो का, हे घरी आजोबांना विचारावं. सहलीतलं गेटवे ऑफ इंडिया संध्याकाळीही पाहता येतं.