काचेलाही शिस्त असते!

'अमॉर्फस म्हणजे ज्यात अणूंची रचना नसते' हे वाक्य दोन मार्कांना पुरतं, पण ते अर्धंच खरं आहे. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी सांभाळून घ्या, पण मुद्दा ऐका.

आमच्या जाफराबादचा आठवडी बाजार गच्चीवरून पाहिला तर नुसता गोंधळ. जवळ जा. भाजीचा ढीग मोठा असेल तर भोवती आठ गिऱ्हाइकं बसतात, लहान असेल तर सहा. काच अशीच असते. लांबवर नियम नाही, जवळ मात्र चोख हिशेब.

रेअर अर्थ फॉस्फेट काच घ्या. प्रत्येक फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन, अंतर साधारण 1.5 अँगस्ट्रॉम. हे गट कोपऱ्याला कोपरा जोडून जाळं विणतात. रेअर अर्थ ऑक्साइड घातलं की काही जोड तुटतात आणि मोकळ्या झालेल्या ऑक्सिजनमध्ये रेअर अर्थचा आयन जाऊन बसतो. मोठ्या लॅन्थॅनमला सात-आठ शेजारी, लहान अर्बियमला सहाच्या आसपास. बारावीचं लॅन्थेनाइड कॉन्ट्रॅक्शन, जे बरेचजण ऑप्शनला टाकतात, ते हेच!

याचा उपयोग काय? निओडायमियमचे आयन फार जवळ आले तर लेसरला द्यायची ऊर्जा आपसातच घालवतात. फॉस्फेटच्या जाळ्यात ते बऱ्यापैकी सुटे राहतात. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत डिसेंबर 2022 मध्ये लेसरने दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा फ्यूजनमधून निघाली. त्या लेसरमध्ये अशाच काचेच्या 3,000 हून जास्त लाद्या आहेत.

हे शेजारी मोजतात कसे? एक्स-रेने अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, त्याची लाट शेजाऱ्यांवर आपटून परत येते आणि शोषणाच्या ग्राफवर बारीक लाटा उमटतात. त्यांवरून शेजाऱ्यांची संख्या आणि अंतर कळतं. या पद्धतीला एक्झाफ्स म्हणतात. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर ही सोय आहे. ती आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली, आणि विद्यापीठांतले संशोधकही तिथे नमुने नेतात.

होळकरांचं इंदूर जाफराबादहून मुंबईपेक्षा लांब नाही. मग इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली दरवर्षी पिकनिक कशाला? सर, यंदा आम्हाला इंदूरला न्या. रात्री सराफ्यात खाणं होईलच, पण दिवसा 'रचना नसते' हे वाक्य तरी कायमचं खोडलं जाईल!