आईच्या काळजीचा ग्रुप आहे, पण त्यात आई आहे का?

मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीत आणि ८२ वर्षांची आई पुण्यातल्या घरी. मग व्हॉट्सॲपवर एक ग्रुप तयार होतो. बीपीचे आकडे, रिपोर्ट, ब्युरोतून येणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं त्यावर. ग्रुपमध्ये नसते ती फक्त आई.

आमच्याही घरी असा ग्रुप होता. आजी पडली तेव्हा आम्ही कमोड खुर्ची मागवली आणि खोलीत जागा नाही म्हणून हॉलमध्ये ठेवली. आजी काही बोलली नाही. तिने पाणी पिणं कमी केलं. हॉलमध्ये पडद्याआड बसायची लाज वाटत होती तिला! आम्ही मात्र 'वय झालं, तहान लागत नाही' असं ठरवून मोकळे. खरं कारण मावशींनी सांगितलं. मग कपाट हलवलं, खुर्ची तिच्या खोलीत गेली. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता, लघवीचं इन्फेक्शन, चक्कर आणि पुन्हा पडणं, असं हे चक्र असतं.

मग ठरवायचा हक्क कोणाचा?

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. समीरा कोहली प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आणि सक्षम असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही. वय वाढलं म्हणून हा हक्क मुलांकडे जात नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याच्या क्षेत्रात आणखी पुढे जातो. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही.

पण हे सगळं उपचारांपुरतं. आंघोळ किती वाजता, जेवायला काय, मावशी कोण, हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही. सरकारी मदतही दवाखान्याभोवतीच फिरते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घरी येणाऱ्या मावशींचा पगार त्यात बसत नाही. तो मुलं देतात, आणि पैसे देणाऱ्याचा शब्द शेवटचा ठरतो. खरी गोम इथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची ज्येष्ठांच्या काळजीबद्दलची २०१९ ची मार्गदर्शिका वेगळ्या टोकापासून सुरू करते. स्मृती, चालणं, पोषण, नजर, ऐकणं आणि मनाची उदासी तपासायची, पण काळजीचा आराखडा त्या व्यक्तीला काय करायचंय त्यावर बेतायचा. 'मला कोपऱ्यावरच्या देवळात जायचंय' असं आजोबा म्हणाले, तर फिजिओथेरपीचं लक्ष्य जिना आणि तो रस्ता. नुसतं 'रोज १० मिनिटं चाला' नाही.

विचारताना एक गोष्ट बघा. कानाचं मशीन कानात आहे ना? बऱ्याचदा ते ड्रॉवरमध्ये असतं, डॉक्टर मुलाशी बोलतात आणि आजोबा नुसती मान हलवतात. आपण त्याला होकार समजतो.

स्मृतिभ्रंश असेल तर पैशांचे किंवा ऑपरेशनचे निर्णय अवघड होतात, हे खरंच. तरी 'आंघोळ आत्ता की चहानंतर?' याचं उत्तर अनेकांना बराच काळ देता येतं. दोनच पर्याय द्या आणि उत्तराला वेळ द्या.