जिन्याजवळची खोली



दहावीचा निकाल लागतो, अकरावीला प्रवेश मिळतो, नवी सॅक येते आणि कॉलेजचा पहिला दिवस उजाडतो! भलामोठा वर्ग, एकही ओळखीचा चेहरा नाही. शाळेतला बाकावरचा दोस्त कॉमर्सला गेलेला, मैत्रीण दुसऱ्याच कॉलेजात. पुढच्या बाकावरची मुलं फाडफाड इंग्रजी बोलतायत. आणि गावाकडून एसटीने आलेला एखादा मुलगा मनात म्हणतो, "आपलं काही इथं जमायचं नाही बुवा!"

ही गोष्ट साधी नाही. एकटं पडलेलं मूल नोटीस वाचायला विसरतं, अडलेलं गणित कुणाला विचारत नाही, एकेक तास बुडवू लागतं. अभ्यास जमत असूनही कॉलेज नकोसं होतं, ते कधीकधी एवढ्याशाच कारणामुळे!

आपल्याला वाटतं, मैत्री व्हायला ऐटबाज कपडे हवेत, बोलण्यात चमक हवी. खरंच तसं असतं का? अमेरिकेत एम.आय.टी. नावाची प्रसिद्ध शिक्षणसंस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रहिवाशांना विचारलं, "तुमचे मित्र कोण?" त्यांचं पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झालं. सर्वांत जास्त मैत्री कुणाशी होती, माहीत आहे? शेजारच्या दारातल्या माणसाशी! आणखी एक गंमत. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही जास्त ओळखी होत्या. ते काही फार बोलके होते म्हणून नव्हे. येता-जाता माणसं रोज त्यांच्या दारावरून जात, म्हणून.

म्हणजे काय, तर रोज दिसणारा चेहरा हळूहळू आपला वाटू लागतो. मग आपणही 'जिन्याजवळ' राहायचं!

ते कसं? पहिले काही दिवस शक्यतो त्याच बाकावर बसा. प्रॅक्टिकलला जो जोडीदार मिळेल त्याचं नाव विचारा, आपलं सांगा. "काल सरांनी शेवटी काय सांगितलं रे?" एवढा प्रश्नही सुरुवातीला पुरतो. एसटीच्या थांब्यावर कॉलेजचं कुणी दिसलं, तर हसायला काय हरकत आहे? आणि कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल, तर जरूर नाव द्या. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत खेड्यात सात दिवसांचं शिबिर असतं. घमेली उचलताना आणि पंगतीत वाढताना कुणाचं इंग्रजी कसं आहे, हे कोण विचारतंय?

घाई मात्र नको. आठ दिवसांत जिवलग दोस्त मिळाला नाही, म्हणून तास बुडवून कट्ट्यावर नेणाऱ्या पहिल्याच टोळक्यात शिरायचं कारण नाही.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. "किती मार्क पडले?" विचारण्याआधी "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारून बघा. आणि डब्यात एक पोळी जास्त द्या.

आणि ज्यांचा ग्रुप शाळेपासूनच जमलेला आहे, त्यांनो, उद्या वर्गात शिरताना एकदा मागे वळून बघा. दाराशी कुणीतरी जागा शोधत उभं असेल. काही मोठं करायला नको. बाकावर जरा सरकून बसा, बस्स!