रविवारची सुट्टी आणि मँचेस्टरचे भूत

रविवारची सुट्टी इंग्रजांच्या चर्चमुळे मिळाली, असे एक जण सांगतो; ती एकट्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली, असे दुसरा. मुंबईच्या गिरण्यांवरून तेव्हा तीन हितसंबंधी गट झुंजत होते, हे दोघेही गाळतात.

पहिला गट लँकेशायरचा. मुंबईच्या स्वस्त सुताची स्पर्धा त्याला झोंबत होती. त्यामुळे भारतीय गिरण्यांना कायद्याने वेसण घाला, असा धोशा त्याने लंडनमध्ये लावला. यात कळवळा किती आणि हिशेब किती, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा गट मुंबईच्या गिरणीमालकांचा. त्यांचा संघ १८७५ सालचा. कायदा आला की देशी उद्योग बुडेल, हे त्याचे पालुपद. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तोही इतका पातळ, की सात वर्षांखालील मुलांना मनाई आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास, एवढ्यावर तो थांबला. प्रौढांच्या तासांवर मर्यादाच नव्हती!

तिसरा गट कामगारांचा, आणि खरा वाद इथेच आहे. अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कारखाना कायद्याला मँचेस्टरचा डाव ठरवले. आरोप अर्धा खरा होता. पण सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केलेला अर्ज पाहावा. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, हे तर त्यात आहेच. शिवाय मागील महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत मिळावा आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई मिळावी, असेही आहे. पगार १५ ला झाला काय आणि महिनाभर रखडला काय, मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला त्याचे काय सोयरसुतक? ही मागणी रखडलेल्या पगारावर घर चालवणाऱ्यांनाच सुचते. तरीही मालकांचे हित ते राष्ट्राचे हित आणि कामगारांचे हित ते परक्यांचे कारस्थान, अशी वाटणी करून टाकण्यात आली.

लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. ही खरी कामगार संघटनाच नव्हे, असा शेरा त्यावरून आजही मारला जातो. गट कागदावरूनच ओळखायचा असेल, तर मालकांचाच गट तेवढा गट ठरेल. या कागद नसलेल्या गटाने २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरवली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जूनला मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. सरकारचा कायदा त्यानंतर, १८९१ मध्ये आला. स्त्रियांच्या कामाला त्याने अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र १९११ पर्यंत हात लागला नाही. तोवर गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि सूर्यास्ताची सबबही उरली नव्हती.